रूळ, रस्ता आणि पायवाट

सकाळची वेळ असते. मुंबईकडून आलेली आगगाडी कर्जतच्या फलाटाला येऊन लागते. डब्यांतून उतारू उतरतात आणि घटकाभरात वाट फुटेल तिकडे पांगतात. कोणी खोपोलीला जाणारी गाडी गाठण्यासाठी दुसऱ्या फलाटाकडे वळतो. कोणी एस. टी. स्थानकाच्या दिशेने झपाझप पावले टाकतो. कोणी स्थानकाबाहेर ठेवलेली आपली सायकल बाहेर काढतो, तिच्या मुठीला पिशवी अडकवतो आणि गावचा रस्ता धरतो. डोक्यावरची पाटी सावरीत एखादी बाई मात्र कशाचीच वाट न पाहता पायीच चालू लागते.

घरापासून घरापर्यंतचा प्रवास असा अनेक तुकड्यांचा बनलेला असतो. त्यातील प्रत्येक तुकड्याला वेगळे वाहन का लागते? आगगाडीच सर्वांच्या दारापर्यंत का जात नाही? किंवा एस. टी. सर्वत्र जात असताना सायकलीची गरज का पडावी? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांसारखी जागा क्वचितच सापडेल.

हे दोन्ही तालुके रायगड जिल्ह्यात आहेत. परंतु समुद्रकिनारा दोघांनाही नाही. पूर्वेस सह्याद्रीची उंच भिंत उभी आहे. तिच्यातून उगम पावलेली उल्हास नदी कर्जतजवळून वाहत उत्तरेकडे जाते, तर पाताळगंगा खोपोलीकडून निघून खालापूर तालुक्यातून पश्चिमेस वळते. मुंबईहून पुण्यास जावयाचे म्हणजे ही भिंत चढणे आलेच. ती चढण्याची जुनी वाट म्हणजे बोरघाट. शतकानुशतके बैलांचे तांडे, घोडी आणि पायी चालणारी माणसे या वाटेने ये-जा करीत असत. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत येथे चाकांच्या गाड्या जाऊ शकतील असा रस्ता तयार झाला. घाटात शिंगरोबाचे एक लहानसे मंदिर आहे. शिंगरोबा हा धनगर होता. त्यानेच साहेबाला घाटातील सोयीची वाट दाखविली आणि पुढे त्याचाच घात झाला, अशी कथा या भागात सांगितली जाते. येणारेजाणारे आजही तेथे क्षणभर थांबून हात जोडतात. डोंगरातील वाट प्रथम ठाऊक असते ती तेथे रोज चालणाऱ्या माणसाला, हे सत्य या लोककथेने जपून ठेवले आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरांची आगगाडी सुरू झाली. पुढल्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले आणि १८५६ साली कर्जतवरून थेट खोपोलीस, म्हणजे घाटाच्या अगदी पायथ्याशी येऊन पोहोचले. १८५८ साली घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे हा मार्गही सुरू झाला. खाली एक आगगाडी आणि वर दुसरी. मधला घाट मात्र तसाच राहिला. मुंबईचा उतारू खोपोलीस उतरे आणि पालखीतून, तट्टावर बसून अथवा पायी घाट चढून खंडाळ्यास दुसरी गाडी गाठी. सामानासुमानाची चढउतार निराळीच. रुळांवरून शंभर किलोमीटर अंतर आरामात काटता येई; पण मधल्या थोड्याशा अंतराने उतारूंचा जीव मेटाकुटीस येई. दोन वाहने चांगली असूनही त्यांचा सांधा नीट जुळला नाही, तर प्रवास किती अवघड होतो, हे त्या पाच वर्षांत लोकांनी चांगलेच अनुभवले.

मग रूळ सरळ घाटातूनच का नेले नाहीत? त्याचे कारण आगगाडीच्या चाकांत आहे. आगगाडीचे चाक लोखंडी आणि रूळही लोखंडी. दोन्ही कठीण व गुळगुळीत असल्यामुळे त्यांच्यात घर्षण फार थोडे होते. सपाटीवर हा मोठाच गुण ठरतो. शेकडो टनांची गाडी थोड्याशा जोराने ओढता येते. म्हणूनच हजारो माणसे आणि मालाने भरलेल्या वाघिणी वाहून नेण्यास आगगाडीइतके स्वस्त साधन जमिनीवर दुसरे नाही. परंतु चढावर हाच गुण दोष बनतो. चाकाची रुळावर पकड बसत नाही, ते जागच्या जागी घसरू लागते. शिवाय गाडीचे वजन तिला मागे खेचू लागते. ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर चढावे असा मार्ग असला, तर गाडीच्या वजनाचा सदतिसावा भाग इंजिनाला जणू उचलावाच लागतो. गाडी ७४० टनांची असेल, तर नुसत्या चढासाठी २० टनांइतका जोर लागणार! पावसाने रूळ ओले झाले म्हणजे अडचण अधिकच वाढते. माणूस जी पायवाट सहज चढून जातो, ती आगगाडीला भिंतीसारखी वाटते, ती यामुळेच.

म्हणून आगगाडीसाठी चढ सौम्य करावा लागतो. आणि चढ सौम्य करावयाचा तर मार्ग लांबवावा लागतो, कडे कोरावे लागतात, दऱ्यांवर पूल बांधावे लागतात. जेम्स बर्कले या मुख्य अभियंत्याच्या योजनेप्रमाणे १८५६ च्या सुमारास बोरघाटात हे काम सुरू झाले. खोपोलीऐवजी अलीकडच्या पळसदरीपासून रूळ वळवून ते डोंगराच्या अंगाने वर नेण्याचे ठरले. त्यामुळे खोपोलीचा मार्ग फाटा होऊन बाजूला राहिला, तो आजही तसाच आहे. घाटात २५ बोगदे खोदण्यात आले. त्या काळी खडक फोडण्यासाठी आजची यंत्रे नव्हती. पहार, हातोडा आणि सुरुंगाची दारू एवढ्यावरच भिस्त होती. कड्यांवरून दोरांनी लोंबकळत मजूर सुरुंगासाठी भोके पाडीत. १८६१ साली तर येथे एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे कामावर होती. अपघात, ताप आणि पटकी यांनी त्यांतील हजारो मजुरांचे बळी घेतले. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. १८५९ साली कामाचा नवा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल हा हिंदुस्थानात येताच थोड्याच दिवसांत मरण पावला. तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने मक्ता स्वतःकडे घेतला आणि जाणत्या अभियंत्यांच्या हातून तो तडीस नेला. १८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली. खोपोली आणि खंडाळा यांच्यामधला तुटलेला सांधा अखेर जुळला.

चढाची अडचण मात्र तेवढ्याने संपली नाही. खंडाळ्याजवळ डोंगराची सोंड एवढी अरुंद होती की वळण घेण्यास जागाच नव्हती. तेथे गाडी एका टोकाला नेऊन थांबवीत, इंजिन काढून दुसऱ्या टोकास जोडीत आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढे. १९२९ साली नवा मार्ग काढल्यावर ही पद्धत बंद झाली. पुढे घाटात विजेची इंजिने आली. तरीही लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या वर जाताना कर्जतला थांबतात आणि त्यांना मागून ढकलणारी जादा इंजिने जोडली जातात. पुढचे इंजिन ओढते, मागची इंजिने रेटतात आणि सुमारे २८ किलोमीटरांत गाडी साडेपाचशे मीटरांच्या आसपास वर चढून लोणावळ्यास पोहोचते. कर्जतच्या या थांब्यानेच तेथील बटाटावड्याला नाव मिळवून दिले. इंजिन जोडले जाईपर्यंत उतारूंना वेळ असतो, आणि भूकही असते! उतरणीवर वेगळी काळजी घ्यावी लागते. गाडीचे गतिरोधक चालतात की नाही हे आधी तपासले जाते. एखादी गाडी बेफाम सुटलीच, तर तिला आवरण्यासाठी बाजूला चढाचे रूळ टाकलेले असतात. त्यांवर चढता चढता तिचा वेग आपोआप संपतो.

कर्जत तालुक्यातच नेरळहून माथेरानला जाणारी छोटी आगगाडी आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या खटपटीतून ती १९०७ साली सुरू झाली. मोठ्या गाडीचे रूळ एकमेकांपासून १,६७६ मिलिमीटरांवर असतात, तर हिचे अवघे ६१० मिलिमीटरांवर. रूळ जितके जवळ तितकी गाडी लहान वळणावर वळू शकते. म्हणून मोठी गाडी जेथे जाऊच शकत नाही तेथे ही गाडी नागमोडी वळणे घेत, वीस मीटरांस एक मीटर असा चढही चढते. पण तिच्यात माणसे थोडी मावतात आणि तिची चाल मंद असते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत तिचा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि तो पुन्हा उभारून गाडी धावू लागण्यास २००७ साल उजाडले. प्रत्येक वाहनाला आपली ताकद आणि आपली मर्यादा असते, हे या दोन आगगाड्यांवरून दिसून येते.

आगगाडीची सर्वांत मोठी मर्यादा ही की, ती रुळांना बांधलेली असते. रूळ टाकणे खर्चाचे काम. तेव्हा जेथे पुष्कळ माणसे व पुष्कळ माल असेल तेथेच ते टाकणे परवडते. खुद्द खालापूर गावाला रेल्वे स्थानक नाही. कर्जतच्या पूर्वेस कडाव, काशेळे, खांडस यांकडील मुलुखातही रूळ नाहीत. अशा गावांसाठी एस. टी. धावते. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी निघाली. त्यानंतर पाहता पाहता एस. टी. महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोहोचली. बसच्या चाकांना रबरी धावा असतात. रबर रस्त्याला घट्ट धरते. त्यामुळे आगगाडीला न झेपणारा चढ बस सहज चढते आणि तीव्र वळणही घेते. मात्र रबराचे घर्षण जास्त, म्हणून तेवढ्याच ओझ्यासाठी इंधन अधिक जळते. एका बसमध्ये बसणार पन्नासएक माणसे. आगगाडी मोठी नदी असेल, तर बस तिला मिळणारा ओढा आहे.

या ओढ्यावर पुष्कळांचे जीवन अवलंबून असते. बाजाराला भाजी नेणारी बाई, तालुक्याच्या कचेरीत दाखला काढण्यास निघालेला शेतकरी, दवाखान्यात जाणारे म्हातारे आजोबा आणि शाळेत जाणारी मुले या सर्वांना बसची वेळ पाठ असते. गावात पाचवीच्या पुढे वर्ग नसला की मुलगी शिकणार की घरी बसणार, हे कित्येकदा बसवरच ठरते. हे ओळखूनच महाराष्ट्रात पाचवी ते बारावीच्या विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेखाली एस. टी. चा पास मोफत दिला जातो. पण पास हाती असला तरी बस गावच्या फाट्यावरच थांबते. फाट्यापासून वाडी तीन-चार किलोमीटर आत असते. तेथून पुढे काय?

तेथून पुढे सायकल उपयोगी पडते. सायकलीला इंधन लागत नाही. तिला चालवणाऱ्याची भाकरी हेच तिचे इंधन. चालताना माणसाला आपल्या शरीराचे सारे वजन प्रत्येक पावलाला पेलावे लागते. सायकलीवर ते वजन चाकांवर पडते आणि पायांचा जोर साखळीमार्फत सरळ मागच्या चाकाला मिळतो. म्हणून चालण्याइतक्याच श्रमांत माणूस सायकलीवर तिपटीहून अधिक अंतर जाऊ शकतो. समजा, एका मुलीचे घर फाट्यापासून चार किलोमीटरांवर आहे. पायी तिला एक तास लागतो. सायकलीने वीस मिनिटे. जाण्यायेण्याचे मिळून रोजचे ऐंशी मिनिटे वाचतात. एवढ्या वेळात गृहपाठ पुरा होतो, आईला हातभार लागतो, आणि अंधार पडण्यापूर्वी घर गाठता येते. सायकल ओझेही वाहते. दुधाच्या किटल्या, गवताचा भारा, दळणाचा डबा असे काय काय तिच्यावरून जात असते!

सायकलीच्याही मर्यादा आहेत. चढावर दम लागतो, भर पावसात चिखलात चाके रुततात, आणि मोठ्या मोटारींच्या गर्दीत सायकलस्वाराचा जीव धोक्यात येतो. खालापूर तालुक्यातून गेलेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना मुळी प्रवेशच नाही. जुन्या रस्त्याने मात्र त्या बोरघाट चढतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खोपोलीहून सुरू होणारा हा चढ सर्वांत कठीण मानला जातो आणि तो सर्वांआधी चढून जाणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरविले जाते. ज्या चढासाठी आगगाडीला मागून ढकलणारी इंजिने जोडावी लागतात, तो मनुष्य केवळ दोन पायांच्या बळावर चढून जातो, ही काही लहान गोष्ट नव्हे.

अशा रीतीने दूरच्या आणि गर्दीच्या प्रवासाला आगगाडी, गावोगावच्या प्रवासाला बस आणि शेवटच्या टप्प्याला सायकल, अशी कामाची वाटणी झालेली आहे. या कड्या एकमेकींत गुंतल्या म्हणजेच प्रवासाची साखळी तयार होते. साखळी तुटते ती बहुधा सांध्यापाशी. आगगाडी दहा मिनिटे उशिरा आली आणि तेवढ्यात खोपोलीची गाडी सुटली, तर दहा मिनिटांचा उशीर एक तासाचा होतो. खोपोलीच्या फाट्यावर गाड्या थोड्या असतात. शेवटची बस चुकली, तर उशीर दुसऱ्या दिवसापर्यंतही लांबतो. त्यामुळे वेळापत्रक बनवणाऱ्याला केवळ आपल्या गाडीची वेळ पाहून भागत नाही; तिला मिळणाऱ्या गाडीची वेळही पाहावी लागते.

ही अडचण केवळ आपल्याकडचीच नाही. ऑस्ट्रेलियात पहिली वाफेची आगगाडी १८५४ साली मेलबर्न येथे सुरू झाली. तेथील निरनिराळ्या वसाहतींनी आपापल्या मर्जीने रुळांची रुंदी ठरविली. व्हिक्टोरियात रूळ १,६०० मिलिमीटरांवर, तर शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये १,४३५ मिलिमीटरांवर. १८८३ साली आल्बरी या सरहद्दीवरील गावी दोन्ही मार्ग एकमेकांस भिडले. पण एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर जाऊ शकेना. सिडनीहून मेलबर्नला जाणाऱ्या उतारूंना तेथे गाडी बदलावी लागे, कित्येकदा अपरात्री, झोपमोड करून. थेट गाडी सुरू झाली ती १९६२ साली. बोरघाटात सांधा डोंगराने तोडला होता, आल्बरीला तो माणसांनीच तोडला होता. त्याच देशात सांधा जोडण्याची एक साधी युक्तीही पाहावयास मिळते. राजधानी कॅनबेरा येथील बसगाड्यांच्या पुढच्या बाजूस सायकली ठेवण्याची चौकट बसविलेली असते. उतारू सायकलीवरून थांब्यावर येतो, सायकल चौकटीत अडकवतो, बसमध्ये बसतो आणि उतरल्यावर पुन्हा सायकलीवरून पुढे जातो. वाहने तीच, पण सांधा नीट जुळल्यामुळे प्रवास सुखाचा होतो.

जेथे साखळीची शेवटची कडी मुळीच नसते, तेथे काय होते, हे खालापूर तालुक्याने एकदा फार दुःखाने पाहिले आहे. इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडी नावाची ठाकरांची वस्ती होती. खालून आगगाडी जाते, रुंद रस्ते जातात. पण वाडीपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. चढणीची पायवाट हाच एक मार्ग होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात वाडीवर दरड कोसळली. मदतीला निघालेल्या लोकांना अंधारात, निसरड्या वाटेने तास-दीड तास चढून जावे लागले. माती उपसणारी अवजड यंत्रे पायथ्याशीच उभी राहिली. आसपासचे गावकरी, गिर्यारोहक आणि आपत्ती निवारण दलाचे जवान यांनी कुदळ-फावड्यांनी आणि हातांनी माती दूर केली. २७ जणांचे मृतदेह हाती आले. ५७ माणसांचा शोधच लागला नाही. रस्ता असता तर दरड कोसळलीच नसती, असे म्हणता येणार नाही. परंतु यंत्रे वर गेली असती, जखमी लवकर खाली आले असते. पुढे बचावलेल्या कुटुंबांसाठी खाली चौक परिसरात नवी घरे बांधण्यात आली.

बोरघाटातील बोगद्यांचे, द्रुतगती मार्गाच्या वेगाचे आणि मोठ्या आगगाड्यांचे कौतुक सर्वच करतात, आणि ते योग्यच आहे. पण एखाद्या मुलुखातील दळणवळण चांगले आहे की नाही, हे पाहावयाचे असेल, तर फलाटावरून उतरून थोडे पुढे चालावे. कर्जतच्या स्थानकावरून पायी निघालेली ती बाई दुपार व्हायच्या आत घरी पोहोचते का, फाट्यावर उतरलेली मुलगी दिवेलागणीपूर्वी वाडी गाठते का, आणि रात्री-अपरात्री कोणी आजारी पडला तर त्याला दवाखान्यात नेता येते का, हे पाहावे. या प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर मिळेल, त्या दिवशी १८५६ साली खोपोलीपर्यंत आलेले रूळ खऱ्या अर्थाने शेवटच्या घरापर्यंत पोहोचले, असे म्हणता येईल.